लेझीम नको, नखे चालतात!

येत्या शंभूजयंतीला, म्हणजे १४ मे रोजी, मंडळाच्या सभागृहात मोठा पडदा लावून 'छावा' दाखवावा आणि बालगोपाळांना पुढे सतरंजीवर बसवावे, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. सूचना करणाऱ्यांच्या हेतूबद्दल आम्हांला तिळमात्र शंका नाही. आपली मुले इंग्रजी शाळांत जातात, गल्लीत गुजराती आणि हिंदी बोलतात; त्यांना शंभूराजे कळणार तरी कधी, ही तळमळ खरी आहे. तरीही आमचा या सूचनेला विरोध आहे. तो कोपऱ्यात कुजबुजण्यापेक्षा छापून सांगितलेला बरा, म्हणून हा लेखनप्रपंच.

न पाहता बोलणाऱ्यांतले आम्ही नव्हे. १४ फेब्रुवारी २०२५ ला चित्रपट लागला आणि पहिल्या आठवड्यातच आम्ही सहकुटुंब पाहिला. विकी कौशलने जीव ओतला आहे, अक्षय खन्नाचा औरंगजेब थंड डोळ्यांनी अंगावर येतो. लक्ष्मण उतेकर हा आपलाच मराठी दिग्दर्शक. हे सगळे मान्य. पण शेवटच्या भागात जे दाखवले आहे, आणि जितका वेळ दाखवले आहे, ते पाहून आमच्या मनात एकच प्रश्न आला : हे कोणासाठी?

वाचकांना आठवत असेल, चित्रपट लागण्यापूर्वी जानेवारीत केवढा गदारोळ झाला होता. झलकेत राजे लेझीम खेळताना दिसले आणि महाराष्ट्र पेटून उठला. छत्रपती असे नाचतील काय, हा राजांचा अपमान आहे, दृश्य काढा! मंत्र्यांनी बजावले, दिग्दर्शक भेटीगाठी घेत फिरले आणि दृश्य निघाले. आता सांगा, राजांची नखे उपटतात, जखमांवर मीठ चोळतात, तापल्या सळया डोळ्यांत घालतात, जीभ ओढून काढतात, हे सारे कॅमेरा जवळ नेऊन दाखवले, त्यावर आक्षेप घेणारा एक तरी पुढारी निघाला का? लेझमीने राजांचा मान जातो आणि नखे उपटताना पाहून तो वाढतो, हा कुठला हिशेब? आम्ही कॉमर्सचे, इतिहासाचे प्राध्यापक नव्हे. पण जमा आणि नावे कशाला म्हणतात एवढे आम्हांला कळते.

कोणी म्हणेल, घडले तेच दाखवले, खरे झाकून ठेवायचे काय? मुळीच नाही. १ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरी राजे पकडले गेले. लाकडी टोप्या घालून, उंटांवर बसवून त्यांची आणि कवी कलशांची धिंड काढली. डोळे काढले, जीभ छाटली आणि ११ मार्चला भीमेकाठी त्यांना ठार केले. हे प्रत्येक मराठी मुलाला माहीत असलेच पाहिजे. पण हे आपल्याला कळले कशातून? बरेचसे शत्रूच्याच दरबारी लेखकांकडून. 'मासिर-ए-आलमगिरी'सारख्या ग्रंथात त्याला काही ओळी पुरल्या आहेत, आणि त्या कोरड्या ओळी वाचताना आजही अंगावर काटा येतो. वसंत कानेटकरांचे 'इथे ओशाळला मृत्यू' आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. डॉ. काशिनाथ घाणेकर संभाजी आणि प्रभाकर पणशीकर औरंगजेब. रंगमंचावर सळया आणि चिमटे असे किती दाखवणार? तरी माणसे रडत घरी गेली. ज्यू लोकांच्या संहारावर क्लोद लांझमान या फ्रेंच दिग्दर्शकाने १९८५ साली 'शोआ' नावाचा साडेनऊ तासांचा चित्रपट केला. त्यात प्रेतांचे एकही जुने चित्रण नाही. वाचलेली माणसे बोलतात, रिकामी माळराने दिसतात, बस्स. त्याला कोणी म्हणाले नाही की सत्य लपवले.

आणि रक्त दाखवूच नये, असेही आमचे म्हणणे नाही. याच विकी कौशलचा 'सरदार उधम' (२०२१) पाहा. जालियनवाला बागेची रात्र त्यात आहे, आणि ती सोसवत नाही. पण तिथे तो पोरगा प्रेतांच्या खचातून जिवंत माणसे शोधतो, हातगाडीवर घालून वाहून नेतो, परत येतो, पुन्हा नेतो. बघणारा मनाने त्याच्याबरोबर गाडी ढकलत असतो. 'छावा'च्या शेवटी बघणाऱ्याच्या हाती काय उरते? छळ मोजायचा आणि मुठी आवळायच्या.

आमचा खरा राग मात्र याहून वेगळा आहे. संभाजी महाराजांचे राज्य नऊ वर्षांचे, आणि कैद चाळीस दिवसांच्या आतली. या नऊ वर्षांवर बखरकारांनी आणि नाटककारांनी शे-दीडशे वर्षे चिखल टाकला : व्यसनी, उतावळा, राज्य बुडवणारा. तो धुऊन काढायला वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्यातली कित्येक वर्षे कागदपत्रांत घालवली, तेव्हा १९६० मध्ये त्यांचे चरित्र बाहेर आले. पाठोपाठ डॉ. कमल गोखले यांनी काम केले. संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणारा राजा, जंजिऱ्यासाठी समुद्रात दगडांचा सेतू घालू पाहणारा राजा, १६८३ च्या नोव्हेंबरात गोव्याच्या व्हाइसरॉयला फोंड्यावरून पळवून लावणारा राजा आपल्याला या लोकांनी परत मिळवून दिला. आता चित्रपट पाहून आलेल्या एखाद्या मुलाला विचारा, जंजिऱ्याला काय झाले? गोव्याला काय झाले? सांगता येणार नाही. छळ कसकसा झाला ते मात्र क्रमवार सांगेल. एवढ्या कष्टाने मिळवलेला कर्ता राजा आपण पुन्हा घालवतो आहोत, आणि तोही जयजयकार करीत!

आणखी एक गोष्ट, जी सभेत बोलली की काही ज्येष्ठ रागावतील. आपल्या जखमा इतक्या जवळून दाखवायच्या, तर दुसऱ्याच्याही दाखवाव्या लागतात. १६८१ च्या सुरुवातीला हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने बऱ्हाणपूरचा बहादूरपुरा तीन दिवस लुटला. चित्रपटात तो पराक्रम आहे आणि राजे एका लहानग्याला वाचवतात. तिथल्या रहिवाशांनी त्या तीन दिवसांत काय भोगले, ते खाफीखानाने लिहून ठेवले आहे. दूर कशाला जा? १६८३ मध्ये पोर्तुगीजांशी युद्ध जुंपले तेव्हा मराठी फौजेने तारापूर आणि वसईपासून दमणपर्यंतची गावे जाळली. दमण इथून तासाभराच्या अंतरावर. त्या गावांतली माणसे कोण होती? याच किनाऱ्यावरची. युद्ध असेच असते आणि त्या काळी सगळेच असे लढत. त्यामुळे महाराज लहान होत नाहीत. पण एका बाजूचे रक्त जवळून आणि दुसऱ्या बाजूचे दिसूच नये, अशा चित्रपटाला इतिहासाचा तास म्हणून मुलांपुढे ठेवू नका.

परिणामांबद्दल थोडेच. चित्रपटगृहांत रडत घोषणा देणाऱ्या लहान मुलांच्या चित्रफिती आपण सर्वांनीच मोबाइलवर पाहिल्या. असीरगडजवळ लोक रात्री विजेऱ्या घेऊन मुघलांचे सोने शोधायला शेते खणत होते, तो विनोद सोडून देऊ. १७ मार्च २०२५ ला नागपुरात औरंगजेबाच्या कबरीवरून दंगल झाली, संचारबंदी लागली, एकाचा जीव गेला आणि मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत बोलताना याच चित्रपटाचा उल्लेख केला. दंगल चित्रपटाने घडवली असे आम्ही म्हणत नाही. तिला कारणे अनेक होती. पण आपण राहतो ते गाव कारखान्यांचे. बिहारपासून केरळपर्यंतचा माणूस इथे पोटासाठी आलेला, सर्व धर्मांचा. आमच्या काउंटरवर पगाराच्या दिवशी त्या सगळ्यांची एकच रांग असते. सभागृहातून तापून बाहेर पडलेली दहा वर्षांची मुले सकाळी त्यांच्याच मुलांबरोबर शाळेच्या रिक्षात बसणार आहेत.

उद्या कोणी सिल्वासाच्या मुक्तीवर चित्रपट काढला तर? १९५४ च्या जुलैत दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मोकळे झाले. त्या लढ्यात सुधीर फडके होते, शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरेही होते. दादऱ्याच्या पोलीस चौकीत आनिसेतो रोझारियो नावाचा पोलीस अधिकारी मारला गेला. मुंबईच्या निर्मात्याला एवढ्या रक्तावर भागणार नाही. तो पोर्तुगीजांचे आणखी अत्याचार रचील, आणि आपण टाळ्या वाजवू? आपल्या घरांतल्या म्हाताऱ्यांनी ते दिवस जसे सांगितले, तसेच आपल्याला पुरले ना?

आता नियमाचे. सेन्सॉरने या चित्रपटाला 'यूए १६+' असे प्रमाणपत्र दिले आहे. सोळाच्या आतल्यांना दाखवायचे की नाही, हे त्यांच्या आईबापांनी ठरवायचे, मंडळाने नव्हे. शिवाय नेटफ्लिक्सचे खाते घरगुती वापराचे असते. ते सभागृहात लावून शंभर जणांना दाखवणे हक्कधारकांच्या परवानगीशिवाय चालत नाही. ती परवानगी कोणी मागितली आहे काय?

१४ मे ला आमची सूचना अशी. सकाळी मुलांसाठी भिंतीवर एक मोठा नकाशा लावावा, बऱ्हाणपूर ते फोंडा, आणि त्यात तारापूर व दमण ठळक दाखवावे. बेंद्र्यांच्या ग्रंथातली चार पाने कोणीतरी स्पष्ट वाचावीत. छळाचा भागही वाचावा, वगळू नये. मोठ्यांना चित्रपट पाहायचाच असेल तर परवानगी काढून रात्री नऊला खुशाल पाहावा, आम्हीही खुर्च्या मांडायला येऊ. पण पुढची सतरंजी घालायची नाही. हे मतदानाला आले तर आमचे मत काय, ते आता सर्वांना कळले आहे.