बाळंतिणीची विचारपूस

बारशाला घर भरलेलं असतं. बाळाचं नाक कुणावर गेलंय यावर वाद रंगतो आणि बाळंतीण आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. ‘दमली असेल,’ म्हणत कुणीतरी दार लोटतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी. अंगाची उस्तवार आपल्याकडे चोख. मनाचं मात्र ‘सगळ्यांनाच होतं गं’ एवढ्यावर भागतं.

रडू दोन आठवड्यांनंतरही ओसरेना, बाळाला जवळ घ्यावंसं वाटेना, तर तो आजार आहे, नखरे नव्हेत. दरवेळी मोठा डॉक्टरच लागतो असंही नाही. रावळपिंडीच्या खेड्यांत आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन बोलण्याचा उपचार केला. त्याचे निष्कर्ष २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. पुढे गोव्यात हेच काम प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक बायकांनी केलं, तेही गरोदरपणापासूनच.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आपल्या आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा जातात. झोळीच्या काट्यावर बाळ जोखतात, आकडा टिपतात. मग पाच मिनिटं आईपाशी टेकायला काय हरकत आहे? (त्यांचा मोबदला तुटपुंजा, कामं ढीगभर, ठाऊक आहे.) शेजारणींना तर तेवढीही अडचण नाही. फार बिनसलं तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहेच.

म्हणूनच यंदा आमच्या अंकाच्या मुखपृष्ठावर बाळ नाही. बाजेवर बसलेली आई आहे.