समाजमंदिराचे विजेचे बिल

१९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईच्या उभारणीस प्रारंभ झाला. ती उभारणी अद्याप संपलेली नाही. उलवे, तळोजा या भागांत नव्या वसाहती वाढतच आहेत. अशा कोणत्याही नव्या वसाहतीच्या नकाशात समाजमंदिरासाठी एक चौकोन राखलेला असतो. घरे विकली जातात, दुकाने थाटली जातात, त्या चौकोनात मात्र बहुधा गवत माजते. पुढे केव्हातरी इमारत उभी राहते, तीही काचेची तावदाने आणि वातानुकूलन यंत्रे मिरवीत. तिचे विजेचे बिल भागवावयाचे तर सभागृह लग्नमुंजींना भाड्याने देणे ओघानेच आले. मग बालवाडीला, महिला मंडळाला आणि दुपारी वर्तमानपत्र चाळावयास येणाऱ्या पेन्शनरांना ‘आज हॉल दिलेला आहे’ एवढेच ऐकावयास मिळते.

याचा दोष व्यवस्थापन समितीच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु समितीचे हात बांधले जातात ते आराखड्याच्या कागदावरच. पर्यावरणस्नेही बांधकामाचा विचार व्हावयास हवा तो येथे. जी वास्तू चालविण्यास थोडा पैसा लागतो, तिलाच आपले दार सर्वांसाठी उघडे ठेवणे परवडते.

कोकणपट्टीच्या दमट हवेत माणसाला हवा असतो तो वाहता वारा. इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेस ठेवाव्यात, पश्चिमेची भिंत शक्यतो बंद असावी, खिडक्या समोरासमोर याव्यात आणि उंच छपराखाली तापलेली हवा निघून जाण्यास झरोके असावेत. मग वर्षातील बहुतेक दिवस पंख्यांवर भागते. लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये विटांच्या जाळीदार भिंतींतून वारा खेळविला. मात्र जाळी तेवढी उचलावयाची आणि रुंद पागोळ्या व ओसरी विसरावयाची, असे झाले तर पहिल्याच पावसात सतरंज्या भिजतील. सौर तावदानांचेही तसेच. आधी विजेची गरज कमी करावी, मग ती बसवावीत. एरवी तो गळक्या रांजणात पाणी भरण्याचा उद्योग ठरतो.

५०० चौरस मीटरच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ५०,००० लिटर पाणी येते, आणि आषाढात इतका पाऊस येथे एका दिवसातही पडतो. टाकी भरून ते शौचालयांसाठी वापरावे, उरलेले जमिनीत मुरवावे. त्यावर बारा महिने निघतील अशी जाहिरात मात्र कोणी करू नये. आठ महिने आकाश कोरडेच असते.

मुळात एवढे मोठे सभागृह प्रथमच कशाला हवे? बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सात-सात घरे सुमारे आठ मीटरच्या चौकाभोवती रचली. माणसे एकत्र येण्यास अंगण पुरते, हे त्यांनी ओळखले होते. नव्या वसाहतीतही आरंभी एक छप्पर, ओसरी, पाण्याची सोय आणि स्वच्छतागृह एवढेच बांधावे. पुढचे दालन वाचनालयाचे की व्यायामशाळेचे, हे राहावयास आलेल्या माणसांना ठरवू द्यावे. परंतु ते पहिले छप्पर वेळेवर व्हावयास हवे. निम्म्या घरांना भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी ते पुरे झाले पाहिजे, अशी अट मंजुरीच्याच कागदावर घातली, तर तो चौकोन गवतासाठी राखला जाणार नाही.