अडकित्त्याने कातरलेले तिकीट
गेल्या रविवारी आमच्या ओसरीवर शेजारचे सहा वर्षांचे चिरंजीव पाटांच्या रांगेवर बसविलेल्या भावंडांना जुन्या लग्नपत्रिकांच्या कपट्यांची तिकिटे देत होते, आणि प्रत्येक कपट्याचे टोक आजीच्या अडकित्त्याने कातरताना त्यांच्या मुद्रेवर जो करारीपणा विलसत होता, तो एखाद्या मामलेदारालाही शोभून दिसला असता. हा मुलगा पुढे कंडक्टरच होईल असे नाही. परंतु ‘दोन दिवसांत विसरेल’ हा त्याच्या वडिलांचा शेरा मला साफ नामंजूर आहे, कारण बाळपणीचे स्वप्न, हुद्दा बदलून का होईना, आयुष्यभर चाकरीत राहते. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या धुंडिराज फाळक्यांचेच पाहा: संस्कृत पंडिताच्या घरात वाढलेला, पण चित्रकलेच्या ओढीने १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झालेला हा मुलगा पुढे छायाचित्रकार झाला, मुद्रक झाला, जादूचे प्रयोगही शिकला, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर अवतरला तेव्हा यांतील एकही विद्या वाया गेलेली नव्हती. मला मिळालेले तिकीट स्वस्तिकाच्या अर्ध्या भागाचे आहे; चष्म्याच्या घरात ते मी जपून ठेवले आहे.