गावाचे रूप आणि गावाचे व्याकरण

वास्तू ही एक संहिता आहे आणि संहितेच्या क्षेत्रात मूळ व नक्कल हा भेद गैरलागू ठरतो, अशी भूमिका उत्तर-आधुनिक समीक्षेने मराठीतही रूढ केली. या भूमिकेची परीक्षा घेण्यास पारंपरिक खेड्याच्या रूपात उभारलेल्या उंची बाजारपेठांइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. नामवंत कंपन्यांचा मागील हंगामातील माल सवलतीत विकणाऱ्या यांतील कित्येक पेठा स्वतःला चक्क ‘व्हिलेज’ म्हणवतात. इंग्लंडमधील बायसेस्टर व्हिलेज १९९५ साली सुरू झाले, बार्सिलोनाजवळचे ला रोका व्हिलेज १९९८ साली. इटलीतील सेरावाले येथील केंद्र २००० सालचे. ते वसले आहे पिएमाँतमध्ये, परंतु त्याची रचना शेजारच्या लिगुरियातील गावांच्या धर्तीवर केलेली. गल्ल्या, चौक, छपरे, खिडक्या सर्व काही तेथे आहे. नाही तो फक्त रहिवासी.

व्हेंचुरी, स्कॉट ब्राउन आणि आयझेनॉर यांनी १९७२ साली ‘लर्निंग फ्रॉम लास व्हेगास’ या ग्रंथात ‘सजवलेली शेड’ ही संकल्पना मांडली: मागे साधी उपयुक्त इमारत आणि पुढे अर्थ सांगणारा दर्शनी भाग. लोकरुचीविषयी आधुनिकतावाद्यांना वाटणाऱ्या तुच्छतेला त्यांनी दिलेले उत्तर योग्यच होते. परंतु दर्शनी भागही अर्थ सांगतो, या विधानावरून दर्शनी भाग हाच अर्थ होय, असा निष्कर्ष त्यांच्या अनुयायांनी काढला. आणि येथेच घोटाळा झाला.

हा घोटाळा समजून घेण्यासाठी मढइतके उपयुक्त ठिकाण मुंबईत नाही. वर्सोव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की कोळीवाडा लागतो. आणि त्याच परिसरात चित्रपट व मालिकांसाठी प्लायवूड-प्लास्टरची गावे वर्षानुवर्षे उभी राहत आली आहेत. २०२३ साली येथील काही बेकायदा स्टुडिओ महापालिकेने पाडले. तरीही चित्रीकरणाच्या सेटविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे: आपण सेट आहोत हे तो त्यावर काम करणाऱ्यांपासून लपवीत नाही आणि काम संपल्यावर मोडला जातो. बाजारपेठेचे खेडे मात्र गावपणाचा दावा कायमचा करून बसते.

कोळीवाड्याचे रूप कोणी योजलेले नाही. ते कामातून घडले आहे. घराचा ओटा जाळी विणण्या-सांधण्यासाठी लागतो, गल्ली बंदराकडे उतरते. किनाऱ्यालगतची मोकळी जागा रिकामी नसते. बोंबील बांबूंवर टांगून वाळवायचे तर ऊन आणि वारा दोन्ही लागतात. या रचनेला व्याकरण आहे, कारण तिच्यातील प्रत्येक घटकाचा दुसऱ्याशी कामाचा संबंध आहे. बाजारपेठ या भाषेतील शब्द उचलते आणि वाक्य टाकून देते. तिच्या ओट्यावर कोणी जाळे सांधीत नाही. तिचा चौक रात्री कुलूपबंद होतो. उलट, नकाशावर नजर टाकणाऱ्या नियोजनकर्त्याला वाळवणाची जागा पडीक दिसते. गावठाणे व कोळीवाडे यांच्या हद्दी निश्चित कराव्यात, ही मुंबईतील रहिवाशांची मागणी कित्येक वर्षांची आहे. गावाचे रूप विकणाऱ्याला गावपण सिद्ध करावे लागत नाही. गावात राहणाऱ्याला ते पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते. ‘मूळ आणि नक्कल यांत भेद नाही’ हे वाक्य या दोघांपैकी कोणाच्या सोयीचे आहे, हे सांगण्यासाठी मोठ्या सिद्धान्ताची गरज नाही.

यावर आक्षेप येईल की हे गावाचे भाबडे गौरवीकरण होय. तसे ते नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त गावाची जी व्यवस्था मांडली, तीत वतन, बलुते आणि जात यांपासून वेगळे काढता येईल असे निव्वळ रूप नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी ग्रामप्रजासत्ताकाच्या स्तुतीचा निःसंदिग्ध शब्दांत समाचार घेतला. परंतु ज्या गावाविरुद्ध भांडता येते, ते गाव अस्तित्वात असावे लागते. बाजारपेठेच्या खेड्याला गावकूस नाही, कारण तेथे आतही कोणी राहत नाही आणि बाहेरही. अन्यायाबरोबरच अन्यायाची आठवणही तेथे पुसली जाते, आणि या स्वच्छतेलाच सौंदर्य म्हटले जाते.

साहित्यसमीक्षेने हे उदाहरण परके मानू नये. बोलीतील चार शब्द, एक वाडा, एक पार आणि एक पाणवठा एवढ्या सामग्रीवर उभ्या राहिलेल्या ग्रामीण कथा मराठीला अपरिचित नाहीत. त्यांना ‘मातीचा गंध’ असल्याची प्रशस्तिपत्रेही मिळाली आहेत. तीही सजवलेली शेडच. देशीयतेचा आग्रह धरणाऱ्यांनी ती ओळखली नाही, आणि मूळ-नक्कल भेद नाकारणाऱ्यांना ती ओळखण्याचे कारणच उरले नाही. दोघांचीही नजर रूपापाशी थांबली.

वास्तू संहिता असेल, तर तिच्या वाचनात काही प्रश्न टाळता येणार नाहीत: येथे कोण राहते, कोण राबते, जागेवर हक्क कोणाचा, आणि हे रूप उचलताना कोणाला वगळले गेले? मढच्या कोळीवाड्यात या प्रश्नांची उत्तरे भांडणासह मिळतात. ज्या खेड्यात ती मिळतच नाहीत, त्याला समीक्षकाने दुकान म्हणावे.