आधी फळ लागलेलं झाड दाखवा, मग रोप विका



सध्या मोबाईलवर एक रील फिरतंय. लालभडक फळांनी लगडलेलं काटेरी झाड, आणि खाली "चे फ्रूट, एकरी लाखोंचं उत्पन्न". आमच्या गावातली दोन पोरं एकेक एकर लावायला निघालीत. रोप ७५० रुपयाला एक. एकरी ४०० रोपं धरली तरी ३ लाख झाले. ठिबक, खड्डे, मजुरी वेगळी.

झाडाबद्दल माझी तक्रार नाही. चीन-कोरियातलं झाड आहे, आपल्या तुती, अंजीर, फणसाच्याच कुळातलं. हिवाळ्यात पान गाळतं. कोरियात लोक त्याच्या फळांचा रस आणि पानांचा चहा करून विकतात. त्यांच्या थंडीत ते जमतं. आपल्या ४४ अंशाच्या उन्हाळ्यात काय होईल, ते रीलवाला सांगत नाही.

आणखी काय सांगत नाही, ते ऐका.

एक, यात नर झाड वेगळं, मादी वेगळं. बियांपासूनच्या रोपाला फळ धरायला दहा-दहा वर्षं लागू शकतात. एवढं थांबून झाड नर निघालं तर? लावायचंच तर मादी झाडाचं कलम पाहिजे. पिशवीतल्या रोपाला कलमाचा जोड आहे का, एवढं तरी वाकून बघा.

दोन, फळ पूर्ण पिकल्याशिवाय त्याला चव नाही. पिकलं की मऊ पडतं आणि एकेक हातानं तोडावं लागतं. तोडायला माणसं कुठली आणणार? टेम्पोत घालून मार्केटला पोचेपर्यंत त्याचं काय होणार?

तीन, "पाला रेशीमअळीलाही चालतो" म्हणतात. खरं आहे. चीनमध्ये तुतीचा पाला कमी पडला की हा देतात. कमी पडला की, बरं का! आपली तुती छाटल्यावर दोन-अडीच महिन्यांत पुन्हा पाल्यावर येते, आणि तिला काटेही नाहीत. ती सोडून काट्यांत हात कशाला घालायचा?

पोरांनो, रोपवाल्याला दोनच गोष्टी मागा. मराठवाड्यात फळ लागलेलं झाड दाखव, आणि फळ विकल्याची पट्टी दाखव. नसेल तर हौसेखातर बांधावर दोन झाडं लावा, पण अख्खा एकर अडकवू नका. त्याचे पैसे रोप गाडीतून उतरलं की वसूल. तुमचे कधी होणार, ते त्यालाही माहीत नाही.

कुणाकडं हे झाड फळावर आलं असेल तर फोटो पाठवा. तोही इथं टाकतो.