रांगेतलं पोट

तर झालं असं, की परवा इमॅजिकाला जायचं ठरलं. दादा, वहिनी, आई-बाबा, सहा वर्षांचा पुतण्या आणि माझं आयबीएस. दादा म्हणाला, "सहाला निघू, एक्स्प्रेसवेच्या आधी मिसळ हाणू." माझ्या पोटात तिथेच गोळा.

मिसळीत बघा, कांदा, लसूण, कडधान्य आणि गव्हाचा पाव! मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी ज्या पदार्थांना फॉडमॅपवाले म्हटलं, ते सगळे एका ताटलीत. त्यात काही खाल्लं की मोठं आतडं हलायला लागतं. तुमचंही लागतं, आमचं जरा जास्तच. आजवर मी "ऑफिसचं काम आहे" अशी थाप मारून सुटायचो.

या वेळी खरं सांगून टाकलं. सकाळी दीड तास मला हवा, खाणं घरचं भात-तूप, आणि आत गेल्यावर आधी टॉयलेट कुठे ते बघणार. आई म्हणाली, "टेन्शन घेतोस म्हणून होतं." अर्धं खरं आहे, मेंदू आणि आतडं एकमेकांशी बोलतात हे डॉक्टरही सांगतात. पण "टेन्शन घेऊ नकोस" म्हणून पोट थांबत असतं, तर आमचे प्रॉडक्शनचे बग्जही तसेच सुटले असते.

बाबांच्या शुगरचा आकडा शेजाऱ्यांनाही पाठ आहे. पोटाचं मात्र कुजबुजत बोलायचं! माझ्या मते निम्मा त्रास या लपवाछपवीचाच.

रोलर कोस्टरच्या रांगेत निघायची वेळ आलीच. पुतण्या मोठ्यांदा म्हणाला, "काका, शी लागली? जा, मी नंबर धरतो."

पुढचे-मागचे सगळे हसले. मीही.