लेकराला गाडी लागते तेव्हा

आपल्याला जसा आंबोलीचा घाट, तशी विदर्भातून देडतलाईला जाणाऱ्यांना मेळघाटाची वाट. परतवाडा, सेमाडोह, हरिसाल, धारणी करत बुऱ्हाणपूर जिल्ह्यात शिरेपर्यंत वळणांवर वळणं. घाट कुठलाही असो, लेकराला गाडी लागली की आपण म्हणतो, “अरबट-चरबट खाल्लं असशील!”

मला हे रागावणं पटत नाही. मूळ दुखणं पोटाचं नाहीच. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो, ‘आपण हलतोय’. मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात, ‘सगळं स्थिर आहे’. या गोंधळातून मळमळ, मग वांती. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त; पुढे बहुतेकांचा कमी होतो.

म्हणून तयारी निघण्याआधीच करा. पोट रिकामं नको, तळकटही नको. एसटीत पुढची सीट घ्या. कारमध्ये मागे मधोमध, पट्टा लावून बसवा. मोबाइल-पुस्तक बंद, वारा खेळता, नजर समोर लांबच्या डोंगरावर. झोप लागली तर उत्तमच.

मराठी आजीची सुंठ, कन्नड अज्जीची शुंठी काहींना बरी वाटते. गोळी मात्र डॉक्टरांना विचारून, मुलाच्या वजनाप्रमाणे आणि प्रवासाआधी. उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या बाळाला देऊच नये. प्रवास नसतानाही डोकं दुखून उलट्या होत असतील, तर लगेच डॉक्टर गाठा.

आणि पिशवी पुढे धरताना एवढं जरूर म्हणा, “बाळा, तुझी चूक नाही.”